बोटुकली सोडायची की नाही

माशाचं पिल्लू बोटाएवढं झालं की त्याला बोटुकली म्हणतात, आणि त्या गावात बोटुकली म्हटलं की लोकांना अण्णा आठवत. अण्णा मूळचे कुणाचे अण्णा, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. धाकट्या भावानं कधी हाक मारली असेल, पण पुढे पोस्टमनपासून केस कापणाऱ्यापर्यंत सगळ्यांचेच ते अण्णा झाले. नदीकाठच्या हॅचरीत, माशांची अंडी उबवून पिलं वाढवायच्या केंद्रात, त्यांनी उभा जन्म काढला होता. सिमेंटचे लांबच लांब हौद, त्यांतून अखंड वाहणारं गार पाणी आणि त्या पाण्यात ढगाच्या सावलीसारखे सरकणारे पिलांचे थवे. निवृत्त झाले तरी सकाळचा चहा पोटात गेला की पाय आपोआप तिकडेच वळायचे. बायको म्हणायची, "निवृत्ती कागदावर झाली. माणूस अजून हौदातच आहे."

गावात त्यांना मान होता, आणि तो काही फुकटचा नव्हता. अण्णा ऐन तारुण्यात असताना वरच्या अंगाच्या कातड्याच्या कारखान्यानं नदीत विष सोडलं. लोक पुलावर जमले तर पाणी दिसेना, नुसती पांढरी पोटं. ठिपकी हा त्या नदीचा मासा. पाठीवर काळे-तांबडे ठिपके म्हणून ठिपकी. ती औषधालाही उरली नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं. कारखान्याला टाळं लागलं, पाणी हळूहळू निवळलं, पण निवळलेल्या पाण्यात बघायचं काय? तेव्हा अण्णा दूरच्या एका नदीवर गेले आणि तिथल्या ठिपकीची अंडी ओल्या शेवाळात गुंडाळून, बर्फाच्या पेटीत घालून, ती पेटी मांडीवर धरून घरी आले. घरी येऊन बघतात तर बायको बाळंत झालेली. "आमच्या ह्यांनी मुलाच्या आधी माशाची अंडी मांडीवर घेतली," हे ती अजूनही आल्या-गेल्याला सांगायची.

त्या अंड्यांतून नदी पुन्हा भरली. दरवर्षी थंडी ओसरली की एका रविवारी गाव काठावर जमायचं, हॅचरीतली बोटुकली बादल्यांतून नदीत सोडली जायची, आणि पहिली बादली अण्णांच्या हातची. बादली कलती झाली, रुपेरी धार पाण्यात पडली की टाळ्या व्हायच्या. अण्णा टाळ्यांकडे लक्ष नसल्यासारखं दाखवायचे. पण त्या दिवशीचा सदरा आदल्या दिवशीच इस्त्री करून खुंटीला टांगलेला असायचा.

अशा घरात सून आली तीही नदीचीच. नद्यांचा अभ्यास केलेली, नदीखात्यात नोकरी, कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून दिवसभर पाण्यात. मुलगा दातांचा डॉक्टर, त्याला माशांचा गंध नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर सासरा आणि सून बोलायचे आणि बाकीचे दोघे जेवायचे. "माझ्या सुनेला माशांतलं माझ्यापेक्षा जास्त कळतं," असं अण्णा चारचौघांत सांगायचे. कौतुकानं माणूस जसं सांगतो तसं सांगायचे. ते खरंही असेल, असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं.

त्या वर्षी बोटुकली सोडायचा रविवार तोंडावर आला होता. टेबलावर मटारच्या शेंगांचा ढीग पडला होता, सासू, सासरा आणि सून तिघंही सोलत बसले होते. सूनबाईच्या हातून भांड्यापेक्षा टरफलांत दाणे जास्त जात होते. सासूबाईंनी ते दोनदा वेचले आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, "काय असेल ते बोलून टाक बाई. मटारांचा काय दोष?"

सूनबाईनं हात पुसले. "अण्णा, यंदापासून नदीत बोटुकली सोडू नये, असं मी खात्याला सांगणार आहे. ऑफिसात सांगायच्या आधी घरात सांगते आहे."

अण्णांना आधी ती चेष्टा वाटली. मग तिचा चेहरा बघून वाटेना.

"का म्हणे?"

"आपल्या नदीची मूळची ठिपकी मेली नव्हती. कारखान्याच्याही वर, धबधब्याच्या वरच्या ओढ्यात ती राहिली होती. तिथे विष पोचलंच नाही. आता पाणी स्वच्छ आहे, तर ती खाली यायला बघते. पण खाली जागाच नाही. प्रत्येक दगडाआड आपली बसलेली."

"आपली म्हणजे माझी."

"हॅचरीची."

"अगं, मासा तो मासा. ही ठिपकी, तीही ठिपकी. चार दिवस बुजेल, मग मिसळेल. तूही बाहेरूनच आलीस की या घरात! आम्ही म्हटलं का, मूळची नाही म्हणून?"

"मी एकटी आले, अण्णा," सूनबाई म्हणाली. "माहेरचं अख्खं गाव बरोबर घेऊन आले असते, दरवर्षी नवं आणलं असतं, आणि तुमच्या खुर्च्यांवर बसवलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

सासूबाईंना हसू फुटलं. ते त्यांनी पदराआड केलं, पण व्हायचा तो घोटाळा झालाच. अण्णा शेंग तशीच टाकून उठले आणि खोलीत गेले.

मग घरात अबोला सुरू झाला. अण्णांचा अबोला म्हणजे मीठ हवं असलं तरी सुनेला न मागता बायकोला सांगायचं, "जरा मीठ द्यायला सांग." सूनबाई मीठ पुढे करायची, अण्णा ते हवेतून आल्यासारखं घ्यायचे. मुलगा म्हणाला, "माझा धंदा तोंडाच्या आतला आहे, तोंडातून बाहेर पडतं त्यात मी पडत नाही," आणि तो दवाखान्यात जरा जास्तच वेळ बसू लागला.

बातमी गावात फुटायला कितीसा वेळ लागतो? गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचं तिथे एक मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष म्हणजे हार्डवेअरच्या दुकानाचे मालक, अण्णांचे शाळेपासूनचे दोस्त. ते तावातावानं आले.

"अण्णा, तुझी सून नदी रिकामी करायला निघाली आहे! खात्यानं सभा ठेवली आहे शाळेच्या सभागृहात. तू फक्त उभं राहा आणि दोन शब्द बोल. तुझ्यापुढे खातं काय करणार?"

"बघतो," अण्णा म्हणाले. पण छाती थोडी वर आली होती.

अध्यक्ष गेल्यावर बायको कपबशा उचलता उचलता म्हणाली, "दोन शब्द बोलाल ते बोला. पण मला एक सांगा. एवढी वर्षं नदीत मासे ओतलेत, त्यानंतर कधी जाऊन बघितलंत का, त्यांचं पुढे काय होतं ते?"

अण्णांनी कधीच बघितलं नव्हतं. बादली रिकामी झाली की ते हॅचरीत परत यायचे, पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागायचे. गळाला लागलेले मासे लोक दाखवायला आणायचे, त्यावरून सगळं ठीक आहे असं कळायचं. मुलीला सासरी पाठवावं आणि एकदाही तिच्या घरी जाऊ नये, तसं झालं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सूनबाई बूट चढवत होती तेव्हा अण्णा दारात येऊन उभे राहिले. "माझ्या मापाचे बूट आहेत का तुझ्या ऑफिसात?" अबोल्यानंतरचं हे पहिलं वाक्य. तिनं फक्त मान डोलावली. उगाच जास्त बोलून किलकिलं झालेलं दार पुन्हा लागायला नको!

आधी ती त्यांना पुलाखालच्या डोहाशी घेऊन गेली. अण्णा काठाच्या दगडावर वाकले, त्यांची सावली पाण्यावर पडली, आणि कुठून कुठून मासे धावत आले. वीस, तीस, मग मोजता येईनात. तोंडं वर, आ वासून, अगदी सावलीच्या खाली.

"ओळखतात मला!" अण्णांना भडभडून आलं. "बघ, बघ. विसरली नाहीत पोरं."

सूनबाईनं नुसतं बोट दाखवलं. पलीकडच्या उथळ पाण्यात एक राखी बगळा उभा होता. तोही वाकला, त्याचीही सावली पडली, त्याच्यापुढेही मासे जमले. त्यानं एक उचलला. बाकीचे तिथेच, तोंड वर करून. त्यानं दुसरा उचलला. घाई नव्हती त्याला. आयत्या ताटावर बसलेल्या माणसाला कसली घाई?

अण्णांचा चेहरा उतरला. वरून सावली पडली की दाणे पडतात, हे त्या पोरांना कुणी शिकवलं होतं, ते सांगायची गरज नव्हती. आपल्याला ओळखत नाहीत, सावलीला ओळखतात, हेही त्यांना कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

मग दोघं धबधब्याच्या बाजूनं वर चढले. अण्णांचे गुडघे कुरकुरत होते, दर दहा पावलांवर ते झाडांचं निरीक्षण करायला थांबत होते. वरचा ओढा अरुंद, गार, झाडांच्या सावलीतला. सूनबाई म्हणाली, "इथे उभं राहून काही दिसणार नाही. पोटावर झोपावं लागेल."

"या वयात?"

"मी हात धरते."

अण्णा खडकावर पालथे झाले. बराच वेळ नुसते दगड आणि पाणी. इथे काही नाहीच, असं ते म्हणणार एवढ्यात एका दगडाची कड हलल्यासारखी वाटली. ती कड म्हणजे मासा होता. वीतभरही नसेल. पाण्याच्या ओढीत जागचा न हलता उभा, प्रवाहातून काही आलं की तेवढ्यापुरता पुढे, पुन्हा जागेवर. पण अण्णांची नजर खिळली ती त्याच्या परांवर. पोहायचे ते पर, कडेपर्यंत अखंड, टोकदार, काचेच्या कापासारखे. हौदातल्या माशांचे पर सिमेंटला घासून घासून बोथट झालेले असतात. जन्मभर तेच बघितल्यामुळे ठिपकीचे पर बोथटच असतात, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी नीट दिसावं म्हणून मान जराशी उचलली, आणि मासा नव्हताच.

"गेला," अण्णा म्हणाले.

"तो दिवसभर आता बाहेर येणार नाही," सूनबाई म्हणाली. "असे थोडेच आहेत, अण्णा. दरवर्षी काही खाली उतरतात. खाली आपल्या पोरांची गर्दी. ती याच्याहून मोठी, धीट, पोटभर वाढलेली. याला चांगली जागा मिळत नाही, खायला मिळत नाही. आणि त्यांची जोडी जमली तर पिलं धड इकडची नाहीत की तिकडची. सावली पडली की वर येणारी."

"कानामागून आली आणि तिखट झाली," अण्णा पुटपुटले. मग पालथ्या पालथ्याच त्यांनी विचारलं, "म्हणजे मी जन्मभर उलटंच काम केलं?"

"नाही. नदी मेली असं सगळ्यांना वाटत होतं. त्या वेळी मी असते तर मीही तीच पेटी मांडीवर घेतली असती. ताप होता, तुम्ही औषध दिलंत. ताप उतरला तरी आपण पाजतोच आहोत, एवढंच."

अण्णा उठून बसले. कोपराला खरचटलं होतं, ते पुसत म्हणाले, "बरं. आणि हौदात आत्ता पोरं आहेत त्यांचं काय? त्यांनी काय पाप केलं? त्यांना कुणी विचारलं होतं का, जन्माला येता का म्हणून?"

सूनबाई म्हणाली, "याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही, अण्णा. मी शोधलं. नाही सापडलं."

ती खोटं काही बोलली असती, तर अण्णा त्या दिवशी चिडून घरी गेले असते आणि गोष्ट वेगळी झाली असती. ती खोटं बोलली नाही. उतरताना अण्णांनी तिचा हात धरला तो घरापर्यंत सोडला नाही. गुडघ्यांमुळे, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

सभेला शाळेचं सभागृह भरलं होतं. मोठी माणसं मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. खात्याचे साहेब सावधपणे बोलले. गावाच्या मनाविरुद्ध काही करायची त्यांची इच्छा नव्हती. सूनबाईनं आपलं म्हणणं मांडलं तेव्हा मागून कुजबुज झाली. मग अध्यक्ष उठले. "नदी कुणी जिवंत केली ते सगळ्यांना ठाऊक आहे. आता त्यांनाच ऐकू या," असं म्हणून टाळ्यांसाठी थांबले. टाळ्या झाल्या.

अण्णा उभे राहिले. घसा खाकरला. भाषणाची सवय नव्हती.

"मी वर ओढ्यावर जाऊन आलो," ते म्हणाले. "मूळची ठिपकी आहे तिथे. मी बघितली. यंदा मी बादली ओतणार नाही. तुम्हीही ओतू नये, असं मला वाटतं."

 मग एकदम गलका झाला. कुणीतरी ओरडलं, "सुनेनं कान भरले!"

"कान नाही भरले," अण्णा म्हणाले. "खडकावर पालथं घातलं. तुम्हीही या, बूट देतो."

थोडे हसले. अध्यक्ष हसले नाहीत. ते जागेवरून म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुखावलेपण जास्त होतं, "आणि हौदातली बोटुकली, अण्णा? तूच वाढवलीस ती. त्यांचं काय करणार? मारणार?"

 अण्णांनी खिडकीबाहेर बघितलं, सुनेकडे बघितलं. "जेवढी ठेवता येतील तेवढी ठेवू. खाणीच्या तळ्याला नदीची वाट नाही, तिथे मावतील तेवढी सोडू, गळ टाकायचा त्यांनी तिथे टाकावा. उरतील ती..." इथे ते थांबले. "उरतील ती मी माझ्या हातानं मारीन. दुसऱ्या कुणाला ते करायला लावणार नाही."

एवढं बोलून ते बसले. त्यानंतर साहेबांना निर्णय घेणं सोपं गेलं. गावाला मात्र तो पचवणं सोपं गेलं नाही.

दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचून तळं झालं होतं. तिथे बरीचशी बोटुकली टँकरनं नेऊन सोडली. थोडी दूरच्या बंदिस्त तळ्यांनी मागून घेतली. तरी दोन हौद उरले. तळ्यात आणखी घातली असती तर सगळीच गुदमरली असती.

सूनबाई म्हणाली होती, "मी करते. तुम्ही घरी थांबा."

"ज्यांना हातानं भरवलं, त्यांना शेवटी परक्यांच्या हाती द्यायचं?" अण्णा म्हणाले. "तू बरोबर राहा, म्हणजे झालं."

पाण्यात लवंगेचं तेल मिसळलं की मासा आधी झिंगतो, मग झोपतो, मग कल्ल्यांची उघडझाप थांबते. त्याला त्रास होत नाही, असं सूनबाईनं सांगितलं. अण्णांनी तेलाचं भांडं उचललं. ते काठाशी येताच हौदातली पोरं नेहमीसारखी धावत आली, तोंडं वर करून. हे होणार हे अण्णांना ठाऊक होतं, तरी त्यांचा हात थांबला. मग त्यांनी खिशातून मूठभर दाणे काढले आणि आधी ते टाकले. पोरांनी ते खाल्ले. मग तेल ओतलं.

सूनबाई भिंतीकडे तोंड करून रडली. अण्णा रडले नाहीत, काम संपेपर्यंत काठाशी उभे राहिले. मेलेले मासे प्राणिसंग्रहालयाच्या गाडीत भरले, तिथल्या प्राण्यांना खायला. घरी आल्यावर सासूबाईंनी दोघांच्या हातांवर पाणी घातलं. लवंगेचा वास हातांना कितीतरी दिवस राहिला, आणि अण्णांनी त्या काळात चहात काही मसाला घालू दिला नाही.

नदीत आधीची होती ती बगळ्यांनी आणि गळांनी संपवली, आणि त्या वर्षी नदी रिकामी दिसली. पुलावर उभं राहून पोरं विचारायची, मासे कुठे गेले? केस कापणारा अण्णांशी हवामानाखेरीज काही बोलेना. अध्यक्ष समोरून आले तर रस्ता बदलायचे. अण्णांनी कुणाला समजवायचा प्रयत्न केला नाही. कधी कधी त्यांनाही वाटायचं, आपलं चुकलं तर नाही? असं वाटलं की ते सुनेला विचारायचे, आणि ती म्हणायची, "अजून सांगता येत नाही." हे उत्तर त्यांना आवडायचं नाही, पण विश्वासाचं वाटायचं. दुसरं वर्षही तसंच गेलं.

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर सूनबाई ओल्या बुटांनिशी थेट स्वयंपाकघरात आली. सासूबाई फरशीवरून ओरडणार होत्या, पण तिचा चेहरा बघून थांबल्या. "पुलाच्या खाली," ती म्हणाली, "चार दगडांआड चार ठिपक्या. चारही वरच्या ओढ्यातल्या." चार म्हणजे फार नव्हे. अण्णांनी तेवढ्यावर दोन वेळा चहा केला.

त्यानंतर काही दिवसांनी अध्यक्ष दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"मला तुझ्याशी बोलायचं नाही," ते म्हणाले.

"बरं," अण्णा म्हणाले.

"पुलाखाली आठवडाभर बसलो. आठवडाभर! गळाकडे ढुंकून बघत नाहीत. नुसता खोकलो तरी पसार. आज एक लागली, तर वळली अशी, अशी वळली," अध्यक्षांनी दोन्ही हातांनी दाखवलं, "की दोरी तुटली आणि मी चिखलात! हे कसले मासे आणलेत रे तुम्ही? हे काय मासे आहेत?"

पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखली होती आणि चेहरा शाळेतल्या मुलासारखा फुलला होता. अण्णांनी दार आणखी उघडलं. अध्यक्षांनी थोडा विचार केला, बूट बाहेर काढले आणि आत आले. राग अजून आहे, हे कळावं म्हणून खुर्चीच्या टोकावर बसले.

त्या संध्याकाळी अण्णा आणि त्यांची बायको खाणीच्या तळ्यावर गेले. अण्णा काठावर उभे राहिले, सावली पाण्यावर पडली, मासे आले. आता चांगले हातभर झाले होते. अण्णांनी दाणे टाकले.

"एक सांगू?" ते बायकोला म्हणाले. "सूनबाईला सांगू नकोस. ती वरची ठिपकी देखणी आहे, चपळ आहे, नदी तिचीच आहे, सगळं मान्य. पण मला अजून हीच आवडतात."

"सांगायला कशाला पाहिजे," बायको म्हणाली. "तिला ठाऊक आहे. सरका जरा, मलाही दाणे द्या."